इंजिन बदलण्यापूर्वी जाळ्याचा हिशेब मांडावा

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. आपली ४८ फुटी लाकडी ट्रॉलर साखरीनाट्याहून पाच-पाच दिवसांच्या फेऱ्या करते. तिला नऊ वर्षांचे १२० अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन आहे. एका फेरीला सुमारे १५०० लिटर डिझेल लागते. दिवसाला तीन-तीन तासांच्या पाच खेपा होतात आणि जाळे २.८ नॉटच्या आसपास ओढले जाते. शेजारच्या नौकेने २८० अश्वशक्तीचे इंजिन बसवल्यापासून ती आपल्यापेक्षा जास्त मासळी घेऊन बंदरात येते. म्हणून कर्ज काढून तेच इंजिन घ्यावे का, आणि त्याबरोबर डिझेल वाचवण्याचे काही उपाय आहेत का, असे आपण विचारले आहे.

गेली २८ वर्षे मी रत्नागिरीत ट्रॉलरची इंजिने, शाफ्ट आणि नौकेला पुढे ढकलणारे पंखे (प्रोपेलर) बसवण्याचे काम करतो आहे, आणि त्यातली काही वर्षे घरची नौकाही चालवली आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की आपण विचारलेले दोन प्रश्न मुळात एकच आहेत. फेरीला किती लिटर जळले किंवा किती टोपल्या उतरल्या, यांपैकी कोणताही आकडा एकटा घेतला तर फसवतो. जाळे पाण्यात असताना जळणाऱ्या प्रत्येक लिटरमागे किती रुपयांची मासळी खणात पडते, हा आकडा नाखव्याच्या हाती असला पाहिजे. तो हाती नसताना इंजिन बदलणे म्हणजे ताप न मोजता औषध बदलण्यासारखे आहे.

प्रथम डिझेल जाते कुठे ते पाहू. चांगल्या स्थितीतले डिझेल इंजिन एका अश्वशक्तीला तासाभरात साधारण २०० मिलिलिटर डिझेल घेते. इंजिन थकलेले असेल तर थोडे अधिक लागेल. आपल्या सांगण्याप्रमाणे पाच दिवसांत प्रवासाचा आणि जाळे टाकण्या-उचलण्याचा वेळ वजा केला, तर जाळे प्रत्यक्ष ओढण्याचे सुमारे ६५ तास उरतात. त्या वेळी इंजिन ९५ अश्वशक्तीच्या आसपास काम करत असेल, तर तासाला १९ लिटर, म्हणजे १५०० पैकी जवळजवळ १२०० लिटर नुसते ओढण्यात गेले. जाण्यायेण्याला आणि बाकीच्या कामांना २५० ते ३०० लिटरच लागले. तळ घासणे आणि रंग लावणे यांवर आपण सगळेच मनापासून खर्च करतो, आणि तो करावाच, कारण प्रवासात शेवाळ आणि बार्नॅकल नौकेला मागे धरतात. मात्र अडीच नॉटच्या संथ वेगात नौकेच्या तळाची ओढ जाळ्याच्या ओढीपुढे किरकोळ असते. ट्रॉलरवर इंजिन डिझेल जाळते ते मुख्यतः जाळ्यासाठी, त्याचे तोंड ताणून धरणाऱ्या फळ्यांसाठी आणि ते सारे ओढणाऱ्या वायरसाठी.

आता दुसरा हिशेब. जाळे, फळ्या आणि वायर यांची मिळून ओढ दीड टन आहे असे धरा. ती २.८ नॉटने खेचायला प्रत्यक्षात सुमारे २९ अश्वशक्तीच पुरते. इंजिन मात्र तेवढ्याच कामासाठी ९५ अश्वशक्तीच्या आसपास खर्च करते, कारण संथ वेगात, भारी ओझे ओढताना लहान व्यासाचा आणि वेगाने फिरणारा पंखा पुष्कळशी शक्ती पाणी घुसळण्यात घालवतो. इंजिन आणि जाळे यांच्यामध्ये दोन-तृतीयांश शक्ती गळत असेल, तर इंजिन मोठे केल्याने गळतीही मोठीच होणार.

शेजाऱ्याच्या इंजिनाकडे याच नजरेने पाहावे. २८० अश्वशक्तीचे इंजिन ७० टक्के भाराने चालवले तर सुमारे १९६ अश्वशक्ती वापरली जाते, म्हणजे तासाला ३९ लिटर आणि ६५ तासांत अडीच हजार लिटरहून अधिक. आपल्यापेक्षा ते १३०० लिटर जास्त झाले. डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर प्रत्येक फेरीला १ लाख १७ हजार रुपयांची जास्तीची मासळी आली तरच तो आपल्या बरोबरीला येतो, आणि त्यात कर्जाचा हप्ता धरलेला नाही. आपल्याकडे बहुतेक नौकांवर डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च आधी वजा होतो आणि उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. त्यामुळे वाढलेले डिझेल खलाशांच्या वाट्यातूनही जाते, आणि चांगले खलाशी दुसऱ्या नौकेवर जाऊ लागतात. डिझेलवरच्या कराचा सरकारी परतावा मिळतो हे खरे, पण तो हाती पडेपर्यंत पंपाची उधारी आपल्याच डोक्यावर असते, म्हणून मी हिशेबात परतावा धरत नाही. धक्क्यावर उतरलेल्या टोपल्या सर्वांना दिसतात, पण डिझेल भरल्याची पावती फक्त मालकाला दिसते. शेजारी मोकळ्या मनाचा असेल, तर त्याला त्या पावतीबद्दल विचारावे.

मोठे इंजिन नेहमीच चुकीचे असते असे माझे म्हणणे नाही. आपल्याला ५०-६० वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात जायचे असेल, म्हाकूल आणि बळे यांसारख्या चपळ मासळीसाठी साडेतीन नॉटने ओढायचे असेल, किंवा आपल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन गेलेले असून ते तेल खात असेल, तर बदल करावाच लागेल. वादळात परत येताना हाताशी थोडी शक्ती राखीव असावी हेही मला मान्य आहे, आणि त्या बाबतीत काटकसर करू नये. पण आपले पाणी १५ ते २५ वावांचे आहे, आणि कोळंबी व राणीमासा ही आपली मुख्य मासळी आहे. त्या कामासाठी १२० अश्वशक्तीचे धडधाकट इंजिन कमी पडत असेल, तर बहुधा दोष दुसरीकडे आहे.

वेग हा सर्वांत सोपा उपाय म्हणून सांगितला जातो, आणि तिथेच मी सावध राहतो. ओढ साधारण वेगाच्या वर्गाने वाढते आणि लागणारी शक्ती घनाने वाढते. अडीच नॉटवरून २.८ नॉटवर गेल्यास वेग १२ टक्क्यांनी वाढतो, पण शक्ती ४० टक्क्यांनी वाढते. उलट दिशेने पाहिले तर आपण २.८ वरून अडीचवर आलात, तर कागदावर तासाला १९ ऐवजी साडेतेरा लिटर लागतील आणि फेरीला साडेतीनशे लिटर वाचतील. व्यवहारात यातली सारी बचत पदरात पडत नाही, कारण जाळ्याच्या तळाच्या दोराचे आणि फळ्यांचे चिखलाशी होणारे घर्षण वेगाबरोबर फारसे उतरत नाही, आणि वेग कमी झाला की जाळ्याचे तोंड थोडे अधिक उंच उघडते. मी निम्मीच बचत धरतो, म्हणजे सुमारे १६ हजार रुपये. पण वेग कमी झाला की त्याच तीन तासांत समुद्राचा ११ टक्के कमी तळ जाळ्याने झाडला जातो. आपल्या फेरीची मासळी अडीच लाखांची असेल आणि ती झाडलेल्या तळाच्या प्रमाणातच घटली, तर नुकसान साडेसत्तावीस हजारांचे होईल. डिझेल वाचले आणि पैसे गेले, असा तो प्रकार होईल.

प्रत्यक्षात मासळी त्या प्रमाणात घटतेच असे नाही, आणि ती घटते की नाही हे मासळीच्या जातीवर ठरते. कोळंबी जाळ्यापुढे फार काळ पोहू शकत नाही. तिच्यासाठी जाळ्याचा तळाचा दोर जमिनीला टेकून राहणे वेगापेक्षा महत्त्वाचे असते, आणि वेग वाढला की तोच दोर उचलला जातो. कोळंबीच्या खेपेला दोन ते अडीच नॉटवर माझा अनुभव चांगला आहे, आणि काही ठिकाणी वेग कमी केल्यावर मासळी वाढलेलीही मी पाहिली आहे. म्हाकूल, बळे आणि मोठा राणीमासा मात्र पोहून निसटतात, तेथे वेग उतरवला की टोपल्या कमी भरतात. म्हणून रात्रीच्या कोळंबीच्या खेपेचा आणि दिवसाच्या मासळीच्या खेपेचा वेग एकच ठेवू नये. बहुतेक तांडेल, म्हणजे नौका चालवणारे, इंजिनाच्या आवाजावर एकच वेग ठरवून टाकतात, आणि ती सवय मोडणे कठीण असते हे मला ठाऊक आहे.

वेगाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मी प्रत्येक नव्या जीपीएसवाल्याला सांगतो. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवते, तर जाळ्याची ओढ पाण्यातल्या वेगावर ठरते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाण्याचा करंट (प्रवाह) पाऊण नॉटचा असेल आणि तांडेल त्याच्या विरुद्ध ओढत असताना काट्यावर अडीच नॉट राखत असेल, तर पाण्यातून तो सव्वातीन नॉटने चालला आहे, आणि शक्ती दुपटीहून जास्त लागते आहे. तळाजवळचा करंट वरच्यापेक्षा मंद असतो, म्हणून हिशेब अगदी तंतोतंत बसत नाही, पण दिशा तीच राहते. शक्य तेव्हा करंटबरोबर किंवा त्याला तिरकस ओढावे. करंटविरुद्ध ओढणे भागच असेल, तर काट्यावरचा आकडा विसरून इंजिनाचे फेरे पाहावेत. सप्तमी-अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटी मंद असताना, हा प्रश्न बराच सौम्य होतो. यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही.

माझा क्रम म्हणूनच असा आहे की, झाडलेला तळ कमी न करता जी ओढ कमी करता येते ती आधी करावी आणि वेगाला नंतर हात लावावा.

त्यात वायर पहिली. आमच्या घरच्या नौकेवर एका हंगामात जाळे सतत एका बाजूला फाटत होते आणि डिझेलही वाढले होते. आम्ही जाळे बदलले, इंजिनाचे नोझल तपासले, महिना गेला. शेवटी दोन्ही वायर बंदरावर लांबवून मोजल्या, तेव्हा एका वायरवरच्या खुणा दुसरीपेक्षा चार वाव पुढे सरकलेल्या निघाल्या. वायर ताणते, तुटली की जोडली जाते आणि खुणा जुन्याच राहतात. महिनाभर आम्ही तिरके जाळे ओढत होतो, म्हणजे तोंड अर्धवट उघडलेले आणि ओढ मात्र पूर्ण. तेव्हापासून दर महिन्याला दोन्ही वायर शेजारी ठेवून मोजायच्या, हा आमचा नियम झाला. पाण्याच्या खोलीच्या मानाने वायर किती सोडावी हे तळावर आणि फळीच्या वजनावर ठरते. १५ वावांत पाच-सहा पट आणि खोल पाण्यात त्याहून कमी, असे आम्ही धरतो.

नंतर फळ्या. फळी जाळ्याचे तोंड बाजूंना ताणून धरते, पण ती जितकी आडवी उभी राहील तितकी पाणी अडवते. आपल्याकडच्या सपाट लाकडी फळ्या पुष्कळदा गरजेपेक्षा मोठ्या कोनात लावलेल्या असतात. जाळ्याचे तोंड थोडे अधिक उघडावे म्हणून कोणीतरी साखळी आखूड केलेली असते, आणि ती तशीच राहते. फळी वर आली की तिच्या खालची लोखंडी पट्टी पाहावी. पट्टी सबंध लांबीभर सारखी चकाकत असेल, तर फळी नीट बसून चालली आहे. पुढचेच टोक घासले असेल तर ती नाकावर चालते, मागचेच घासले असेल तर टाचेवर चालते, आणि दोन्ही स्थितींत ती चिखल नांगरत असते. मागच्या साखळ्यांची एक-एक कडी बदलून दोन-तीन खेपांत ती सरळ करता येते. पुढे फळ्या बदलायची वेळ आली, तर बाक दिलेल्या पोलादी फळ्यांचा विचार जरूर करावा. त्या तेवढ्याच ताणासाठी पाणी कमी अडवतात.

जाळ्याची ओढ त्यातल्या दोऱ्याच्या एकूण जाडीवर आणि लांबीवर ठरते. सव्वा मिलिमीटरच्या दोऱ्याऐवजी एक मिलिमीटरचा दोरा वापरला, तर त्या भागातील दोऱ्याचे क्षेत्र २० टक्क्यांनी घटते. जाळ्याच्या पंखांचा, म्हणजे तोंडाच्या दोन बाजूंचा, आणि पुढच्या पोटाचा आस (जाळ्याचे डोळे) मोठा केला की दोरा आणखी कमी लागतो. म्हाकूल आणि मोठी मासळी मोठ्या आसाच्या भिंतीलाही बिचकून आत वळते, म्हणून पुढच्या भागात मोठा आस चालतो. कोळंबी अशी वळत नाही, तेथे मोठा आस मर्यादितच ठेवावा लागतो. आपल्या भागात खडक आहेत, आणि बारीक दोरा तेथे लवकर तुटतो. पोटाच्या खालच्या बाजूला जाड दोरा ठेवून वरच्या बाजूला आणि पंखांना बारीक दोरा घालणे हा माझ्या पाहण्यातला समजूतदार मध्यममार्ग आहे. नवे जाळे लावायची वेळ येईल तेव्हाच हे करावे, चालू जाळे फेकून देऊ नये.

खोल्याबद्दल, म्हणजे मासळी साठते त्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीबद्दल, लोकांच्या मनात भीती आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ताण आला की नेहमीचा तिरका आस मिटतो, आणि चौकोनी आस उघडा राहतो. सिंधुदुर्गात ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाचे खोले वापरून पाहिले गेले, आणि कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेचे त्या विषयावरचे काम जुने आहे. या खोल्याने डिझेल खूप वाचते असे मी म्हणणार नाही, कारण एकूण ओढीत खोल्याचा वाटा लहानच असतो. फायदा वेगळा आहे. बोटभर पिल्ले आणि फिशमीलला जाणारी बारीक मासळी बाहेर निघून जाते, खोला लवकर चोंदत नाही, निवडायला वेळ कमी लागतो, आणि वर येणारी कोळंबी व म्हाकूल चेपलेली नसतात. बारीक मासळीचे जे थोडे पैसे मिळतात ते जातात, हे खरे आहे. पण आज ज्या राणीमाशाच्या पिल्लांना आपण किलोने विकतो, तीच पुढच्या हंगामात आपल्या जाळ्यात यायची असतात, आणि मासळी विरळ झाली की त्याच टोपलीसाठी अधिक तास ओढावे लागते. डिझेलचा सर्वांत मोठा खर्च शेवटी तोच आहे, आणि मला मनापासून वाटते की या एका बाबतीत आपण सर्वांनी आपल्या मुलांचा विचार करावा.

आता पंख्याकडे वळतो, जे माझे रोजचे काम आहे. पूर्ण ओढीत इंजिन आपले ठरलेले फेरे गाठत नसेल आणि धुराड्यातून काळा धूर येत असेल, तर बहुधा पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, जास्त आहे. तो काळा धूर म्हणजे अर्धवट जळून गेलेले डिझेल. धूर स्वच्छ असेल, पण पूर्ण ओढीतही इंजिन सहज फेऱ्यांची मर्यादा ओलांडत असेल, तर पिच कमी आहे. ट्रॉलिंगसाठी पंखा जितका मोठा आणि सावकाश फिरणारा असेल तितका चांगला, म्हणून दोनास एकाऐवजी तीनास एक किंवा चारास एक गिअर आणि जागेत बसेल तेवढा मोठा पंखा ही जोडी मला नेहमी उपयोगी पडली आहे. अडचण जागेची असते, कारण शाफ्टच्या खालच्या चौकटीत किती व्यासाचा पंखा बसेल हे नौका बांधतानाच ठरून गेलेले असते. आपण ती चौकट मोजून पाहावी. पंख्याभोवती कडे, म्हणजे नोझल, बसवल्यास ओढताना २० ते ३० टक्के जास्त खेच मिळू शकते, पण लाकडी नौकेवर ते बसवणे जिकिरीचे असते, आणि त्यात दोर अडकण्याचा त्रास असतो. इंजिन बदलायला जेवढे पैसे लागतील त्याच्या लहानशा भागात गिअर आणि पंखा बदलता येतो, म्हणून मी इंजिनाच्या आधी त्यांचा विचार करायला सांगतो.

प्रवासाबद्दल थोडक्यात लिहितो. ४० सागरी मैल नऊ नॉटऐवजी आठ नॉटने गेलात, तर ३३ मिनिटे जास्त लागतात आणि डिझेल सुमारे एक-पंचमांश वाचते. जाताना घाई नसते, तेव्हा आठनेच जावे. येताना लिलावाची वेळ पाहावी. चांगला भाव सकाळच्या लिलावालाच मिळत असेल, तर नऊने यावे, त्यात चूक काही नाही.

हे सारे करताना एक काळजी घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माझ्याकडे आलेल्या एका नौकेचा पंखा आम्ही बदलला आणि तिची ओढायची ताकद चांगलीच वाढली. मालकाने त्याच आठवड्यात जाळेही मोठे केले. डिझेल पूर्वीइतकेच राहिले, मासळी थोडी वाढली, आणि पंख्याने काय दिले आणि जाळ्याने काय घेतले हे आम्हा दोघांनाही कधीच सांगता आले नाही. मी तेव्हा त्यांना थांबवायला हवे होते.

मोजण्यासाठी फार काही लागत नाही. इंजिनाजवळ ५० ते १०० लिटरची लहान टाकी बसवून तिच्या बाजूला पारदर्शक नळी आणि लिटरच्या खुणा कराव्यात. जाळे सुटल्यावर आणि उचलायला सुरुवात करताना नळीकडे पाहावे. वहीत प्रत्येक खेपेसाठी पाण्याची खोली, इंजिनाचे फेरे, जीपीएसचा वेग, करंटबरोबर की विरुद्ध, लागलेले लिटर आणि जातवार मासळी लिहावी. तिथी अवश्य लिहावी, कारण उधाणातली खेप भांगातल्या खेपेशी ताडून पाहणे चुकीचे आहे. दोन फेऱ्यांत आपल्याला दिसेल की काही खेपा लिटरमागे इतरांच्या दुप्पट पैसे देतात. दिवसाच्या पाचपैकी एखादी खेप अशी निघेल, की ५५ लिटर, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये जाळून, ती त्याहून कमी किमतीची मासळी देते. मी पाहिलेल्या बहुतेक वह्यांत अशी एक खेप होतीच, आणि ती बंद केल्यावर खलाशांना झोप मिळाली एवढाच फरक पडला.

तूर्त कर्जाचा अर्ज बाजूला ठेवावा. पुढच्या फेरीआधी वायर मोजाव्यात, फळ्यांच्या पट्ट्या पाहाव्यात आणि ओढताना धूर कसा येतो ते टिपावे. दोन फेऱ्यांची वही, पंख्याचा व्यास व पिच, गिअरचे प्रमाण आणि शाफ्टच्या चौकटीचे माप कळवले, तर पंख्याचा हिशेब मी करून देईन. वायर, फळ्या आणि पंखा नीट असूनही इंजिन दम टाकत असेल, तर मात्र त्याचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, आणि ते उतरलेले निघाले, तर नवे इंजिन १२० चे घ्यायचे की १५० चे, हा प्रश्न त्या वहीवरून आपण सोडवू.